काकांचा मॅरँट्झ आणि तुमचा मॅरँट्झ

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. काका १९८० साली जेद्दाहून येताना मॅरँट्झचा २२३८बी रिसीव्हर (रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत) घेऊन आले आणि तो पाथरीच्या माळवदाच्या घरात चाळीस वर्षं वाजला. आता तुम्ही परभणीत फ्लॅट घेतलात, हौसेने त्याच कंपनीचा नवा पीएम६००७ अँप्लिफायर आणलात, आणि पहिल्याच संध्याकाळी वाटलं की हा आवाज आपला नाही. काकांचा भरलेला, गोड. नवा कोरडा, वर उचललेला. कंपनीने आवाज बदलला का, कोणत्या काळातला सेट घ्यावा आणि काकांचा विकून टाकावा का, असं तुम्ही विचारलंत. काकांच्या टर्नटेबलवर रेकॉर्ड लावली की गाणं खाली उतरल्यासारखं वाजतं, तेही लिहिलंत. त्याचं उत्तर शेवटी देतो, ते सोपं आहे.

मी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, चौतीस वर्षं ऑडिओचीच दुरुस्ती करतो. आखातातून आलेले सेट माझ्या टेबलावर शेकड्याने आले. पैठण, जालना, बीड, नांदेड, उदगीर, सगळीकडून. त्यामुळे एकाच कंपनीचे तीन-तीन पिढ्यांचे सेट शेजारी ठेवून ऐकायची संधी मला वारंवार मिळाली.

हो, आवाज बदलला आहे. पण परभणीत त्या संध्याकाळी तुम्हाला जो फरक ऐकू आला, त्यात कंपनीने केलेल्या बदलाचा वाटा सगळ्यात लहान आहे. मोठा वाटा स्पीकरच्या बॉक्सचा, खोलीचा, व्हॉल्यूमच्या बटणाचा आणि जुन्या सेटच्या वयाचा. हे चार बाजूला काढल्याशिवाय कंपनीबद्दल काहीच म्हणता येत नाही.

तरी आधी कंपनीचं सांगतो, कारण नाव एकच राहिलं तरी त्यामागची माणसं किती वेळा बदलली हे माहीत असायला हवं. सॉल मॅरँट्झ यांनी १९५३ मध्ये न्यूयॉर्कला कंपनी काढली. तेव्हा प्रत्येक रेकॉर्ड कंपनी आपापल्या पद्धतीने बेस दाबून आणि ट्रेबल चढवून रेकॉर्ड कापायची, आणि ते उलटं फिरवून सरळ करणारा प्रीअँप त्यांनी आधी स्वतःसाठी बनवला होता. पुढचे सेट व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचे. ८बी हा ३५ वॅटचा, मॉडेल ९ हा ७० वॅटचा मोनो, दोन्हींत ईएल३४ जातीचे व्हॉल्व्ह. मग १०बी हा ट्यूनर बनवण्यात कंपनीचा इतका पैसा गेला की १९६४ मध्ये ती सुपरस्कोप या अमेरिकन कंपनीला विकावी लागली. तुमच्या काकांचा सेट या सुपरस्कोपच्या काळातला. ट्रान्झिस्टरचा, जपानी बनावटीचा, निळ्या डायलचा, आडव्या चाकाने स्टेशन लावायचा. २२३८ मधले शेवटचे दोन आकडे म्हणजे एका बाजूचे वॅट: ३८. तसाच २२३० हा ३० चा, २२७० हा ७० चा.

१९८० मध्ये अमेरिका-कॅनडा सोडून बाकी जगातला धंदा फिलिप्सकडे गेला. दोन वर्षांत सीडी आली आणि मॅरँट्झचा सगळा रोख तिकडे वळला. फिलिप्सची पहिली डॅक चिप (डॅक म्हणजे डिजिटल आकड्यांचं आवाजाच्या विजेत रूपांतर करणारा भाग) टीडीए१५४० चौदा बिटची होती. तिच्यापुढे चौपट ओव्हरसँपलिंगचा, म्हणजे मधले बिंदू हिशेबाने भरणारा, फिल्टर लावून सोळा बिटच्या तोडीचं काम काढलं जाई. १९८५ मध्ये सोळा बिटची टीडीए१५४१ आली आणि नव्वदीच्या सुरुवातीला एका बिटचं बिटस्ट्रीम. म्हणजे दहा वर्षांच्या आत एकाच नावाखाली तीन वेगळ्या जातींचे सीडी प्लेअर. याच काळात केन इशिवाता या जपानी इंजिनिअरने युरोपात बसून साध्या मॉडेलांतले कॅपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर, चेसिसचे पत्रे बदलून, कानाने पारखून खास आवृत्त्या काढल्या. केआय सिग्नेचर नावाने त्या आजही शोधल्या जातात. २०१९ मध्ये ते गेले. लोक ज्याला 'मॅरँट्झचा आवाज' म्हणतात, त्यातला मोठा भाग या एका माणसाच्या कानाचा आहे असं माझं मत आहे. काकांचा सेट मात्र त्या कानाखालून गेलेलाच नाही.

२००२ मध्ये मॅरँट्झ आणि डेनॉन एका छत्राखाली आले. नंतर मालक बदलत २०२५ मध्ये हार्मनपर्यंत पोचले. तुमच्या पीएम६००७ मध्ये एचडीएएम नावाचं सर्किट आहे. तयार ऑप-अँप आयसीऐवजी सुटे ट्रान्झिस्टर जोडून केलेला छोटा वेगवान अँप्लिफायर. ही कल्पना नव्वदीतली. शेवटचा टप्पा अजून जुन्या पद्धतीचा, क्लास एबीच आहे. पण याच कंपनीच्या २०२० च्या मॉडेल ३० मध्ये क्लास डीची (ट्रान्झिस्टर अतिवेगाने चालू-बंद करून सिग्नल वाढवणारी) हायपेक्स कंपनीची मॉड्यूल्स बसवली आहेत, म्हणजे आवाज वाढवायची रीतच वेगळी. दर्शनी पट्टीवर गोल खिडकी ठेवून जुन्या मीटरची आठवण जागी ठेवली आहे आणि ती मला आवडते, पण आतलं यंत्र दुसरं आहे. एनएडीनेही असंच केलं. १९७८ चा ३०२० हा २० वॅटचा साधा अँप, ज्याने गरीब विद्यार्थ्यांच्या खोलीत हायफाय नेलं. २०१३ मध्ये त्यांनी डी ३०२० काढला. आकडा तोच, आत क्लास डी. एक गोष्ट दोन्हींत सारखी राहिली: अवघड बॉक्स जोडला तरी अँपने दम सोडायचा नाही, हा हट्ट. कंपनीचं काही टिकत असेल तर ते अशा हट्टात टिकतं.

कधी कधी बदल कंपनीच्या मर्जीचाही नसतो. २०२० च्या ऑक्टोबरात जपानमध्ये नोबेओकाला एकेएम कंपनीच्या चिपच्या कारखान्याला आग लागली आणि जगभरच्या ऑडिओ कंपन्यांना डॅकची चिप बदलून नवी मॉडेलं काढावी लागली. १९७८ मध्ये झाईरच्या, म्हणजे आजच्या काँगोच्या, शाबा प्रांतात लढाई पेटली, कोबाल्ट महागलं, आणि कोबाल्ट लागणारं अल्निको चुंबक सोडून स्पीकर बनवणाऱ्यांनी फेराइट घेतलं. त्या आधीचे आणि नंतरचे स्पीकर एकाच नावाचे असले तरी मोटर, म्हणजे चुंबक-कॉइलची जोडी, वेगळी. टूएसके१७० सारखा गुणी, स्वतःची खरखर कमी करणारा जेफेट (ट्रान्झिस्टरची एक जात) बनायचा थांबला. आता बाजारात त्या नावाचे नकली मिळतात. मी एकदा दहा आणले, मीटरला लावले तर दहाच्या दहा वेगळ्याच भागाचे, वर नाव नव्याने छापलेलं. तेव्हापासून प्रत्येक ट्रान्झिस्टर मोजल्याशिवाय मी झाळत नाही.

आता या सगळ्याच्या उलट बाजूची एक गोष्ट. इंग्लंडच्या क्वाड कंपनीचे पीटर वॉकर म्हणायचे की नीट बनवलेला अँप त्याच्या ताकदीच्या आत वाजवला तर त्याला स्वतःचा आवाज नसावा. १९७८ मध्ये त्यांनी हे तपासायला लावलं. ध्वनितज्ज्ञ जेम्स मॉयर यांनी क्वाडच्याच तीन पिढ्या समोर ठेवल्या: १९५३ चा व्हॉल्व्हचा क्वाड २, १९६७ चा ट्रान्झिस्टरचा ३०३, १९७५ चा ४०५. पातळी सारखी केली, कोणता वाजतोय हे न सांगता जाणकारांना ऐकवलं. ऐकणाऱ्यांना ते भरवशाने वेगळे ओळखता आले नाहीत. निकाल वायरलेस वर्ल्ड मासिकात आला. बावीस वर्षांचं अंतर, व्हॉल्व्ह ते ट्रान्झिस्टर, आणि तरी.

माझा अनुभव या निकालाच्या जवळचा आहे, पण अगदी तोच नाही. अँप नीट असतील, बॉक्स सोपे असतील, आवाज बेताचा असेल, तर पिढ्यांमधला फरक खरंच सुपारीएवढा उरतो. बॉक्स अवघड असतील, चार ओहमच्या खाली जाणारे, किंवा अँप व्हॉल्व्हचा असेल आणि त्याचा आउटपुट इंपिडन्स (बाहेर जाणाऱ्या विजेला आतूनच होणारा अडथळा) मोठा असेल, तर फरक उघड ऐकू येतो. आणि सेट म्हातारा असेल तर तो इतका ऐकू येतो की माणूस कंपनीला नावं ठेवू लागतो किंवा डोक्यावर घेतो. तुमचं उत्तर मला वाटतं इथे सुरू होतं.

गेल्या उन्हाळ्यात अंबाजोगाईचे एक निवृत्त संगीतशिक्षक सत्तरच्या दशकातला एक जपानी रिसीव्हर घेऊन आले. तक्रार एकाच वाक्यात होती: "तंबोरा लावला की जवारी लागत नाही, नुसती खरखर येते." दहा मेकॅनिकांना ही तक्रार समजली नसती. पण तंबोऱ्याच्या घोडीवर सुताचा धागा केसभर सरकला की स्वराची झंकार, म्हणजेच जवारी, कशी मिटते हे ज्याने पाहिलंय त्याला समजते. झाकण काढलं. स्पीकरकडे जाणाऱ्या वाटेवर एक रिले असतो. सेट चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी 'टक्' होतं ना, तो. त्याचं प्लॅस्टिकचं टोपण काढलं तर चांदीचे संपर्कबिंदू काळे पडलेले. कोऱ्या पोस्टकार्डाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून दोन बिंदूंच्या मधून ओढली, पट्टीवर पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ उमटली. हळू आवाजात त्या काजळीतून वीज नीट जातच नाही. आवाज पातळ, फाटलेला येतो. बटण वाढवलं की एकदम खुलतो. लोक म्हणतात, "जुन्या सेटला जरा तापू द्यावं लागतं."

मग बायस मोजला. आउटपुट ट्रान्झिस्टर शांत असतानाही थोडी वीज खात राहायला हवी. तशी नसेल तर लाटेचा वरचा अर्धा संपून खालचा सुरू होतो तिथे सांधा पडतो. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याच्या जेमतेम चौथा हिस्सा भरला. बायस लावायचा छोटा फिरता रेझिस्टर, ट्रिमपॉट, गंजला होता. तो बदलला, अर्धा तास तापू दिला, पुन्हा मोजून पक्का केला. सरांनी पिशवीतून स्वतःच्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग काढलं आणि व्हॉल्यूम अगदी कमी ठेवला. मोठ्या आवाजात सांधा झाकला जातो, हळूमध्ये उघडा पडतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पंचमाच्या मागून गंधार बारीकसा वर आला. "आता उघडली," म्हणाले. त्यांनी बटण आणखी खाली नेलं आणि डोळे मिटून बसले.

सांगायचा मुद्दा हा की त्या सेटचा 'आवाज' त्या दिवशी बदलला, आणि कंपनीने काही केलेलं नव्हतं. काकांच्या सेटमध्येही यातलं बरंच असणार. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, ज्याला आमचे जुने मेकॅनिक कंडेन्सर म्हणतात, त्याचं आयुष्य दर दहा अंश उष्णतेमागे निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे. आपल्याकडे वैशाखात खोलीच बेचाळीसची. त्यात सेट शोकेसमध्ये, वर क्रोशाचा रुमाल, जाळीची भोकं झाकलेली. चाळीस वर्षांनी काही कंडेन्सर छापलेल्या किमतीच्या निम्म्यावर आलेले मी पाहतो. कधी बेस उतरतो, कधी वरचे बारीक स्वर बोथट होतात, कधी शंभर हर्ट्झची गुणगुण येते. बोथट झालेल्या वरच्या स्वरांना आपण पुष्कळदा 'गोडवा' म्हणतो. मीही काही वर्षं म्हणत होतो, आपल्याच हातांनी कंडेन्सर बदलून आधी-नंतर ऐकेपर्यंत. नव्या कंडेन्सरनंतर सेट गोडच राहिला, वर त्यात झांजेचा काठ दिसू लागला.

आता व्हॉल्यूमचं बटण. तुमच्या पत्रात एक ओळ आहे: "काकांचा सेट ३८ वॅटचा असून थोडंसं फिरवलं की घर दणाणतं, नवा ४५ वॅटचा असून अर्ध्यावर न्यावा लागतो." ३८ आणि ४५ मध्ये फरक एक डेसिबलही नाही, पाऊणच्या आसपास. कानाला तो जवळजवळ नाहीच. मग दणाणतं का? तुम्ही काकांच्या सेटला मोबाइलचा डॅक ऑक्समधून, म्हणजे मागच्या जादा इनपुटमधून, जोडलात. सत्तरच्या दशकातल्या ऑक्सला पूर्ण ताकदीसाठी साधारण १५० मिलिव्होल्ट पुरत. सीडीपासून पुढची यंत्रं दोन व्होल्ट देतात. म्हणजे तेरापट, बावीस डेसिबल जास्त. त्यामुळे बटण घड्याळाच्या आठ-नऊच्या जागीच असताना आवाज भरतो. बटण कमी फिरवावं लागणं म्हणजे ताकद नाही, फक्त आत येणारा सिग्नल मोठा आहे.

आणि याच्यातच तुमच्या 'भरलेल्या' आवाजाची खरी मेख असावी असा माझा दाट संशय आहे. काकांच्या सेटवरचं लाउडनेसचं बटण आत दाबलेलं आहे का पाहा. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात ते दाबलेलंच असतं. आवाज कमी असताना आपल्या कानाला बेस कमी ऐकू येतो, म्हणून ते बटण हळू आवाजात बेस आणि थोडा ट्रेबल चढवतं. त्यासाठी व्हॉल्यूमच्या पॉटला, म्हणजे बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरला, मध्येच एक जादा जोड काढलेला असतो. बटण जितकं खाली, तितकी चढण जास्त. वर नेलं की चढण विरते. पण तुमचा सिग्नलच तेरापट मोठा असल्याने बटण कायम खाली. म्हणजे जोरात वाजवतानाही पूर्ण चढण चालूच. डग्गा दुप्पट, संबळाचा घुमारा दुप्पट. नव्या सेटला मात्र तुम्ही, तुमच्याच म्हणण्याप्रमाणे, 'शुद्ध ऐकावं' म्हणून सोर्स डायरेक्टवर ठेवलंत. त्यात बेस-ट्रेबलची बटणं वाटेतून बाजूला होतात. एकाला तूप वाढून आणि दुसऱ्याला कोरडी भाकरी देऊन चव विचारल्यासारखं झालं.

लाउडनेस वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्या काळच्या कंपन्यांनी ती बटणं सन्मानाने पुढच्या पट्टीवर ठेवली, काही मॉडेलांवर तर बेस-ट्रेबलबरोबर मिडही होतं. ऐकणाऱ्याने आपल्या खोलीप्रमाणे आवाज लावून घ्यावा ही त्यांची समज होती. नव्वदीनंतर बटणं कमी करणं हेच उच्च दर्जाचं लक्षण झालं. पिढ्यांमधला हा बदल मला सर्किटपेक्षा मोठा वाटतो, आणि यात जुने लोक जास्त बरोबर होते.

बॉक्स. पाथरीला काकांचे मोठे कागदी वूफरचे, फ्लॅटमध्ये तुमचे सहा इंची बुकशेल्फ. इथे तर तुलनाच थांबते. जुने मोठे बॉक्स एका वॅटला ९१ डेसिबलच्या आसपास देत, आजचे छोटे ८६ च्या आसपास. पाच डेसिबलची भरपाई करायला तिप्पट वॅट लागतात. काकांचे ३८ म्हणजे तुमच्या बॉक्सवर १२० हवेत. स्पीकरच्या पिढ्यांमधले फरक अँपच्या कितीतरी पट मोठे असतात. जेबीएलचा १९७० चा एल१०० घ्या: बारा इंची वूफर, ज्याला वरचे स्वर अडवणारा फिल्टरच नव्हता, आणि कागदी ट्वीटर. २०१८ मध्ये त्यांनी एल१०० क्लासिक काढला. तोच आकार, तीच नारिंगी फोमची जाळी, पण ट्वीटर टायटॅनियमच्या घुमटाचा. लांबून जुळे भाऊ दिसतात, वाजले की लगेच वेगळे ओळखू येतात.

खोलीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हे आपल्या मराठवाड्याचं आहे आणि बाहेरचा कुणी सांगणार नाही. माळवदाच्या घरात मी अनेकदा सेट जोडून दिले. दोन-अडीच हात जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, त्यात कोनाडे आणि देवळ्या, वर सागवानी तुळया, त्यावर फळ्या, फळ्यांवर माती. छतावर आदळलेला आवाज तुळयांमध्ये फुटून विखुरतो. लाकडी फळ्या थोड्या हलतात, त्यामुळे बेसची गुडगुड जिरते. खाली शेणाने सारवलेली जमीन किंवा शहाबादी, वर सतरंजी, कोपऱ्यात धान्याची पोती. पैसे मोजून ऐकायची खोली बांधणारे लोक हेच सगळं करायला जातात. तुमचा फ्लॅट म्हणजे सहा बाजूंनी सिमेंट, खाली गुळगुळीत टाइल्स, समोर काचेची सरकती खिडकी. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर धातूवर नखं ओढल्यासारखा जो 'झ्रर्र' येतो, तोच नव्या सेटच्या आवाजात मिसळून तुम्हाला 'कोरडा, वर उचललेला' वाटतो आहे.

उपाय स्वस्त आहे. आईने शिवलेल्या दोन जाड वाकळा बॉक्सच्या बाजूच्या भिंतींवर, भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून टांगा. बॉक्स आणि बसायची जागा यांच्या मधे जाड सतरंजी घाला. बॉक्स कोपऱ्यातून दोन हात बाहेर ओढा. मग पुन्हा टाळी. वाकळेने बेस जिरत नाही, तेवढं लक्षात ठेवा. ती वरच्या आणि मधल्या स्वरांपुरती.

विजेचंही पाहा. काकांच्या सेटच्या मागे व्होल्टेज निवडायची सोय असेल तर ती कुठे ठेवली आहे ते बघा. सौदीत कितीतरी घरांत १२७ व्होल्ट होते. २२० वर ठेवलेला जुना सेट रात्री २४५ वर चालला की आतले सगळे व्होल्टेज अकरा टक्के वर जातात. डायलचे दिवे पटापट उडतात, कंडेन्सर काठावर येतात. उलट गावाकडे मोटारी चालू झाल्या आणि व्होल्टेज १९० वर आलं तर ३८ वॅटचे २८ उरतात आणि जोराच्या जागी आवाज फाटतो. त्या काळच्या पॉवर सप्लायला हे सांभाळायची सोय नव्हती. क्लास डीच्या नव्या सेटमधला स्विचिंग सप्लाय १९० असो की २४५, आतलं व्होल्टेज जागेवर ठेवतो. पिढीचा हा फायदा आपल्या भागात खरा उपयोगाचा आहे. काकांच्या सेटला चांगला स्टॅबिलायझर हवाच.

मग खरी तुलना कशी करायची? आधी काकांचा सेट दुरुस्त करून घ्या: रिले, बायस, मुख्य आणि कपलिंग कंडेन्सर, पॉट-स्विचची सफाई. तोवर तुलना करू नका. मग दोन्ही सेट एकाच खोलीत, एकाच बॉक्सवर, एकाच डॅकवर. लाउडनेस बंद, बेस-ट्रेबल मधोमध. मोबाइलवरून ४०० हर्ट्झचा सरळ सूर लावा. साधे मीटर त्याच्या फार वर नीट मोजत नाहीत, म्हणून ४००. बॉक्सच्या टर्मिनलवर मीटर एसी व्होल्टवर धरा. पहिल्या सेटवर एक व्होल्ट आणा, दुसऱ्यावरही तोच एक व्होल्ट, एका टक्क्याच्या आत. हे सोडू नका. अर्धा डेसिबल जास्त वाजणारा सेट नेहमीच 'मोकळा' आणि 'जिवंत' वाटतो, आणि तो जोरात आहे हे कळत मात्र नाही. बदलाबदल दुसऱ्या कुणाला करायला सांगा, तुम्ही पाठ करून बसा. दोन अँप एकाच वेळी एका बॉक्सला कधीही जोडू नका, आउटपुट जळतं. एक काढून, बंद करून, मगच दुसरा. ऐकायला तंबोरा, एखादा संथ ख्याल, सनई आणि संबळ किंवा हलगी घ्या. तंबोऱ्यात सांधा आणि खरखर कळते, हलगीच्या थापेत ताकद कळते. गर्दीच्या वाद्यवृंदातून काही कळत नाही.

एवढं केल्यावर जो फरक उरेल तो तुमच्या दोन मॅरँट्झमधला खरा फरक. माझ्या टेबलावर या दोन काळांच्या सेटमध्ये तो असा उरतो: जुन्यात बेस किंचित सैल, मधला भाग पुढे, गायक जवळ बसलेला. नव्यात बेस आवळलेला, मागची शांतता जास्त, झांज-करताल जास्त सुटे. दोन्ही चांगले. 'कोरडा' हा शब्द मी दोघांनाही लावणार नाही.

कोणत्या काळातला घ्यावा? तुमच्याकडे दोन्ही आहेत, तेव्हा काहीच घेऊ नका. फ्लॅटमध्ये छोटे बॉक्स, मोबाइल आणि सीडी ऐकायची असेल तर नवा ठेवा. सोर्स डायरेक्ट बंद करा, बेस एक-दोन खुणा वाढवा, बिनधास्त. काकांचा सेट त्यांच्याच मोठ्या बॉक्सबरोबर राहू द्या, ती जोडी फोडू नका. आणि विकू तर नकाच. आज तो कबाडाच्या भावाने मागतील, आणि उद्या त्या दर्जाचा ट्यूनर आणि ते वजनदार चाक पुन्हा मिळणार नाही. परभणी आकाशवाणी त्याच्यावर एकदा लावून बघा.

दुरुस्तीला देताना मेकॅनिकला दोन गोष्टी आधी विचारा: काढलेले भाग परत देणार का, आणि बायस मीटर लावून करणार की 'अंदाजाने'. दुसऱ्याचं उत्तर 'अंदाजाने' आलं तर सेट उचलून घरी आणा. डायलच्या दिव्यांमागे पातळ कागद असतो, त्याच्यामुळे निळा उजेड एकसारखा पसरतो. चमकदार एलईडी घालून तो फाडू देऊ नका.

टर्नटेबलचं. सौदीतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. साध्या सिंक्रोनस मोटरचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो, म्हणून तिथे बरोबर फिरणारं टर्नटेबल इथे सहा फेऱ्यांच्या जागी पाचच फेऱ्या मारतं. गाणं लांबतं आणि बारा स्वरांच्या हिशेबाने तीन स्वरांहून थोडं जास्तच खाली उतरतं. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा षड्ज थेट खालच्या काळी पाचच्याही खाली जातो. स्टॅबिलायझरने किंवा ट्रान्सफॉर्मरने हे सुधारत नाही, त्यांनी फक्त व्होल्ट बदलतात. पट्टा काढून मोटरच्या दांड्यावरची पितळी पुली बघा. ५० हर्ट्झची पुली थोडी जाड असते. जुन्या मॉडेलांना दोन्ही पुल्या मिळायच्या, काकांच्या ट्रंकेत किंवा मूळ खोक्यात दुसरी पडलेली असू शकते. नसेल तर आहे त्या पुलीचा व्यास मायक्रोमीटरने मोजून १.२ ने गुणा आणि तेवढी चांगल्या लेथवाल्याकडून पितळेत कापून घ्या. भोक अगदी मध्यावर पाहिजे, नाहीतर लांबलेला आ-कार थरथरतो.